नखाची खूण

आमच्या मागच्या खोलीच्या फरशीवर एक पिवळी चिकटपट्टी होती. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत, एकदम सरळ. ती मीच लावली आणि मोजायची टेप धरून लावली, कारण सासऱ्यांनी नंतर अर्ध्या इंचावरून भांडण उकरून काढलं असतं. पट्टीच्या अलीकडे मी, माझं टेबल, खिडकी आणि नळ. पलीकडे सासरे, त्यांचं बाकडं आणि कोरी भिंत.

मी दातांच्या कवळ्या बनवते. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी साच्यात गुलाबी हिरडी भरते आणि तिच्यात दात बसवते. अकरा वर्षं एका लॅबमध्ये हेच केलं. तिथला मालक काम चुकलं तर ओरडायचा आणि बरोबर आलं तर जास्त ओरडायचा. एक दिवस ॲप्रन त्याच्या टेबलावर ठेवला आणि घरी आले. दोन डॉक्टर धरले. मागच्या खोलीतली अडगळ काढली, भिंती घासल्या, वास बाहेर फेकणारा पंखा बसवून घेतला. सात दिवस ती खोली माझी होती. आयुष्यातले तेवढेच सात दिवस कुणी माझ्यावर ओरडलं नाही.

आठव्या दिवशी सासरे सामानाचा टेम्पो घेऊन दारात उभे राहिले. गोल्फ क्लबच्या दुरुस्तीच्या खोलीत त्यांनी चाळीस वर्षं स्टिका बनवल्या होत्या. तिथे सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. नव्या कमिटीने ती खोलीच बंद केली, मिस्त्रींना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि निरोप दिला. ते घड्याळ त्यांनी टेम्पोतच सोडलं, आणि बाकीचं सगळं उतरवून घेतलं.

"मला मागची खोली लागेल," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

"तिथे माझं काम चालतं, बाबा."

"दात काय, स्वयंपाकाच्या ओट्यावरही होतात."

"मग स्टिका काय, जिन्यातही होतात."

नवरा मूग गिळून उभा होता. त्याची ती जुनी सवय. दोन दिवस आम्ही दोघांनी त्याचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे तोंड उघडलं. तीन महिने दोघांनी निम्मी-निम्मी खोली वापरायची, ज्याचं काम जम धरेल त्याची खोली, दुसऱ्याने पॅसेजमध्ये बसायचं. आमच्या पॅसेजला खिडकी नाही, नळ नाही. हिरडी कालवायचं उग्र पातळ औषध तिथे उघडलं तर घरातली माणसं चक्कर येऊन पडतील. म्हणजे माझ्यासाठी पॅसेज याचा अर्थ परत ती लॅब, परत तो मालक. हे नवऱ्याला माहीत होतं आणि सासऱ्यांनाही.

खोली वाटताना मी आधीपासून होते म्हणून खिडकी मी घेतली. उजेडही त्याच बाजूला, ट्यूबलाईटसुद्धा माझ्याच डोक्यावर.

"तुम्हाला दिसेल ना तिकडे?" नवऱ्याने बापाला विचारलं.

"मी हातांनी काम करतो. डोळे सूनबाईला ठेव." आणि माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्याने माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

मग त्यांनी आपली बाजू मांडायला घेतली. आधी बाकडं. ते हलू नये म्हणून भिंतीत दोन पट्ट्या ठोकल्या, भिंत माझी घासलेली. बाकड्यावर वाईस, म्हणजे काम घट्ट धरून ठेवणारा लोखंडी जबडा. तो उचलायला नवरा आणि टेम्पोवाला असे दोघं लागले. चार बोल्ट आवळले तेव्हा शेजारणीने भिंतीवर थापा मारल्या. वाईसच्या जबड्यात रबराचे तुकडे, दांड्याला चरा पडू नये म्हणून. मग दांडे कापायचं चाक, मग मुठीवर गुंडाळायच्या ग्रिपच्या टेपच्या गुंडाळ्या, मग स्टिकेचा तोल बघायची पितळी पट्टी. शेवटी भिंतीवर एक लाकडी खाचांची फळी, गोंद लावलेल्या स्टिका उभ्या ठेवायला. फळी लावताना त्यांनी ओळंबा सोडून बघितलं. तीन वेळा काढली आणि तीन वेळा लावली. मी खाली मान घालून कवळीचे दात घासत होते आणि मनात म्हणत होते, लावा, लावा, काढायचीच आहे.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे शाळेत पाठ केलं होतं. खोलीत राहून कळलं. काळा दांडा चाकावर धरला की काजळीसारखी पूड उडायची, आणि पूड काही चिकटपट्टी वाचत नाही. एका आजीबाईंच्या कवळीच्या हिरडीत काळे ठिपके आले. डॉक्टरांनी ती परत पाठवली. मी कवळी सासऱ्यांच्या बाकड्यावर आपटली.

"हे बघा तुमचं काम."

त्यांनी कवळी उचलली, फिरवून बघितली. "चावायचे दात बरे बसवलेस," म्हणाले. "हिरडी कोण बघतंय?"

त्या दिवसापासून त्यांनी चाक सुरू केलं की मी औषधाच्या बाटलीचं झाकण उघडून ठेवायची आणि पंखा बंद करायची. अर्ध्या तासात त्यांचं डोकं चढायचं. पण बाहेर जायचे नाहीत. कपाळाला रुमाल बांधून काम करायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा.

मग त्यांना ते काम मिळालं. क्लबचा कॅप्टन जुना माणूस, मिस्त्रींच्या हाताखेरीज दुसऱ्याची स्टिक न धरणारा. त्याने ड्रायव्हरबरोबर सात स्टिकांची सात लोखंडी डोकी आणि सात नवे दांडे पाठवले. पुढच्या रविवारी सामने होते. सेट चांगला उतरला तर क्लबमधल्या सगळ्या सभासदांची दुरुस्ती मिस्त्रींकडे वळवतो, असा निरोप होता. नवऱ्याने तो निरोप जेवताना मोठ्याने दोनदा वाचला. मी अर्धं ताट तसंच ठेवून उठले.

गुरुवारी त्यांनी सेट चिकटवायला घेतला. आधी दांड्याचं टोक पॉलिशपेपरने खरबरीत केलं, गुळगुळीत टोकाला गोंद धरत नाही म्हणून. हा गोंद दोन ट्यूबांचा, दोन्हीतला सारखा घ्यायचा आणि मिसळायचा. एक कमी पडला तर तो वरून वाळल्यासारखा दिसतो आणि आतून कधीच पक्का होत नाही. माझी हिरडीसुद्धा याच जातीची, म्हणून मला माहीत. माझ्याकडे त्यासाठी छोटा वजनकाटा आहे, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. तो पिवळ्या पट्टीपासून दोन हातांवर होता. सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून, स्वतःच्याच सावलीत, त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गोंदाच्या दोन रेघा ओढल्या. मी मागून बघत होते. एक रेघ आखूड होती. निदान मला तशी वाटली.

बोलले नाही. आमच्यात बोलणं होतंच कुठे?

सातही स्टिका फळीवर उभ्या केल्यावर त्यांनी उरलेल्या गोंदाचा पुठ्ठा बाकड्याच्या कोपऱ्यात ठेवला. त्याला ते साक्षीदार म्हणायचे. सांध्याच्या आतलं कुणाला दिसत नाही, पण तोच गोंद पुठ्ठ्यावर असतो. दुसऱ्या दिवशी त्यावर नख रोवायचं. खूण उमटली तर स्टिक द्यायची नाही. चाळीस वर्षांत साक्षीदाराला विचारल्याशिवाय एक स्टिक हातची सोडली नाही, हे त्यांनी घरात इतक्या वेळा सांगितलं होतं की मला तोंडपाठ झालं होतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी पुठ्ठ्यावर अंगठा दाबला. "दगड," स्वतःशीच म्हणाले आणि अंघोळीला गेले. ड्रायव्हर दहाला येणार होता.

मी पट्टी ओलांडली. नुसतं बघायला. गोंदावर नख टेकवलं आणि ते आत गेलं. चंद्रकोरीएवढी खूण उमटली. दुसऱ्या जागी रोवलं, तिथेही गेलं.

आता खरं सांगते. चहा उकळून खाली उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मी तिथे उभी राहिले आणि गप्प राहायचं ठरवत होते. मला काहीच करावं लागणार नव्हतं. रविवारी कॅप्टन सगळ्या जगासमोर स्टिक फिरवील, डोकं निखळून उडेल, आणि सोमवारी हे बाकडं पॅसेजमध्ये जाईल. खोली माझी. खिडकी, नळ, भिंत, सगळं. पण ते डोकं म्हणजे पाव किलोचं लोखंड, आणि बाजूला माणसं उभी असतात. माझ्याकडे एका माणसाचं काम आलं होतं, गोल्फचा चेंडू तोंडावर बसलेला, वरचे सहा दात एकदम गेलेले. चेंडूनेच एवढं.

मी एक स्टिक वाईसमध्ये आवळली, डोकं दोन्ही हातांत धरलं आणि पिळलं. हलणाऱ्या दातासारखं ते हातात आलं.

"काय करतेस!"

सासरे दारात, खांद्यावर ओला टॉवेल. मी डोकं त्यांच्यापुढे धरलं. "कच्चा आहे गोंद."

"कच्चा? तू मोडलीस! माझं काम बघवत नाही तुला. पहिल्या दिवसापासून टपून बसलीयस."

"साक्षीदाराला विचारा."

त्यांनी पुठ्ठा ओढून घेतला आणि अंगठा दाबला, अंगाचा सगळा भार टाकून दाबला. "दगड आहे! दगड!"

मी त्यांच्या अंगठ्याशेजारी माझं नख रोवलं. ते आत गेलेलं त्यांना दिसलं, पट्टीपलीकडच्या त्या अंधारातही. त्यांनी परत अंगठा दाबला. मग दुसऱ्या हाताचा. मग पुठ्ठा ठेवून दोन्ही अंगठे एकमेकांवर चोळले. चाळीस वर्षांच्या गोंदाने आणि रॉकेलने त्यांच्या बोटांची कातडी शिंगासारखी झाली होती. नखं झिजून बुडाशी गेलेली. दगड की मेण, त्या बोटांना कळत नव्हतं, आणि कळत नाही हेही त्यांना आत्ता कळत होतं. असा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता.

बाहेर हॉर्न वाजला. ते गेले. मी पुठ्ठा घेऊन मागोमाग गेले, दारापर्यंत.

"साहेबांना सांगा, सेट आज नाही," ते ड्रायव्हरला सांगत होते, आणि मोठ्याने, शेजारच्या खिडकीत ऐकू जाईल असं. "सुनेने मोडला. घरातच वैरी असल्यावर माणसाने काय करायचं?"

चोराच्या उलट्या बोंबा! पुठ्ठा माझ्या हातात होता. दोन पावलं पुढे टाकून ड्रायव्हरच्या नाकासमोर धरला असता की झालं. मी धरला नाही. दया आली असं मी म्हणणार नाही, त्या माणसाची मला दया येत नाही. पण तो चेहरा मी बघितला होता, आणि तो बघितल्याची मलाच लाज वाटत होती. मी आत गेले.

संध्याकाळी नवऱ्याला तोंड फुटलं, आणि फुटलं तेही माझ्यावर. "इतका दुष्टपणा? म्हाताऱ्या माणसाशी?"

"गोंद कच्चा होता."

"बाबांचा गोंद? चाळीस वर्षांत?"

सासरे समोर बसून पेपर वाचत होते. पान उलटलं नाही. शेजारीण दुसऱ्या दिवशी जिन्यात मला बघून बाजूला सरकली, मी तिचीही भिंत मोडणार असल्यासारखी.

कॅप्टन सामन्यांत जुन्या स्टिका घेऊन खेळला आणि त्याने मिस्त्रींना आठ दिवस वाढवून दिले. सासऱ्यांनी सातही डोकी तापवून काढली, दांडे खरवडून परत स्वच्छ केले. पण चिकटवायला घेईनात. गुरुवारी मी कवळ्या पोचवायला डॉक्टरांकडे गेले. परत आले तर माझी खुर्ची खिडकीशी वळलेली होती, वजनकाट्याच्या कडेला गोंदाचा एक ठिपका, आणि भिंतीवरच्या फळीवर सात स्टिका उभ्या. सासरे खोलीत नव्हते. पट्टीच्या अलीकडे, माझ्या टेबलाच्या बरोबर मधे, साक्षीदाराचा पुठ्ठा ठेवलेला होता. कोपऱ्यात पेन्सिलीने वेळ लिहिलेली.

मला कळलं. माझा उजेड वापरला, माझा काटा वापरला, आता माझं नख हवं होतं. पण मागायला तोंड नको होतं. तोंड फक्त वैरी म्हणायला.

मी पुठ्ठ्याला हात लावला नाही. तो सरकवून दुसऱ्या कवळीला लागले. शुक्रवारी सासरे चार वेळा आत आले, चार वेळा माझ्या टेबलाकडे बघून गेले. पाचव्या वेळी आले ते थेट पट्टीशी येऊन थांबले. नवरा त्या दिवशी घरी होता. ड्रायव्हर दारात येऊन उभा होता.

"बघ," सासरे म्हणाले. आठ दिवसांतला पहिला शब्द.

"आधी सांगा."

"काय सांगू?"

"सेट कुणी मोडला ते. ह्यांच्यासमोर आणि ह्या ड्रायव्हरदादांसमोर. एवढंच सांगा, मग बघते."

"अगं, आता हे काय मधेच?" नवरा म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

सासरे फळीकडे वळले. सातही स्टिका खाली घेऊन ते ड्रायव्हरच्या हातात देऊ शकले असते. मला वाटलं, देतील. त्यांनी एकीवर हात ठेवलासुद्धा. मग हात काढला. साक्षीदाराला विचारल्याशिवाय स्टिक द्यायची, हे त्यांच्या हातून होईना.

ते ड्रायव्हरकडे वळले. "साहेबांना फोन लावा. मला बोलायचंय."

फोन लागला. त्यांनी तो कानापासून लांब धरला, जोराने बोलायची त्यांची पद्धत.

"साहेब, मिस्त्री बोलतोय. मागच्या खेपेला सेट सुनेने मोडला नव्हता. गोंद कच्चा होता, तो तिने धरला. मी खोटं बोललो." मग थांबले. मी मागितलं होतं ते एवढंच होतं. मला वाटलं, झालं. पण ते पुढे बोलले. "माझ्या बोटांना आता कळत नाही, साहेब. पक्कं काय नि कच्चं काय. हे तुम्हाला ठाऊक असलेलं बरं."

एवढं मी मागितलं नव्हतं. देवाशपथ, नव्हतं मागितलं.

त्यांनी फोन ड्रायव्हरला दिला आणि मला म्हणाले, "आता बघ."

मी नख रोवलं. गेलं नाही. दोन्ही हातांचा जोर लावला तेव्हा नखच वाकलं. "पक्का आहे," मी म्हणाले. मग ड्रायव्हरला ऐकू जावं म्हणून ओरडून म्हणाले, "दगड आहे! अगदी दगड!"

ड्रायव्हर फोनवर हो-हो करत होता. फोन खिशात ठेवून तो सासऱ्यांच्या पायांकडे बघत म्हणाला, "साहेब म्हणतात, सेट राहू द्या. डोकी तेवढी काढून पाठवा, सवडीने. साहेब म्हणतात, मिस्त्रींनी आता आराम करावा."

"अहो, पण हा सेट चांगला आहे," मी म्हणाले. "मी बघितलाय ना!"

"तुम्ही दातांचं करता ना, ताई?" तो म्हणाला, आणि गेला.

नवरा माझ्याकडे बघत होता, मी सासऱ्यांकडे. ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "झालं समाधान?"

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. खरं बोलून घेतलं होतं, खोली मिळाली होती, घरात माझं नाव धुऊन निघालं होतं. मला त्यांचा राग आला. असा राग आधी कधी आला नव्हता. एक वाक्य मागितलं तर माणसाने दोन कशाला द्यावीत?

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर सासरे पाना घेऊन खोलीत आले आणि वाईसचे बोल्ट सोडायला लागले.

"राहू द्या ना तो," मी म्हणाले. "मलाही उपयोगी पडेल. तुम्हीसुद्धा..."

"ठरलं ते ठरलं."

तीन बोल्ट निघाले. चौथा गंजलेला, तोही निघाला. मग त्यांनी वाईसला दोन्ही हात घातले आणि उचलायला गेले. तो जागचा हलला नाही. परत जोर लावला. मानेच्या शिरा वर आल्या. मला हाक मारली नाही, माझ्याकडे बघितलं नाही, नुसते दम खात उभे राहिले.

मी हातातली कवळी ठेवली, पट्टी ओलांडली आणि दुसऱ्या बाजूने वाईसखाली हात घातले. लोखंड गार होतं. आम्ही दोघांनी तो एकदम उचलला.

"हळू," ते म्हणाले. "नखं सांभाळ."